दवाखान्याचा कारभारी कोण?

आरोग्यसेवेवर सरकारचे नियंत्रण असावे की नसावे, हा वाद भारतात प्रत्यक्षात केव्हाच निकाली निघाला आहे. औषधाची किंमत, डॉक्टरची नोंदणी, नर्सिंग होमचा परवाना, लशींचे वेळापत्रक, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शिपायाची नेमणूक यांतली प्रत्येक बाब कोणत्या ना कोणत्या सरकारी कचेरीत ठरते. शिल्लक राहतो तो प्रश्न वेगळा आहे. हे नियंत्रण नेमके कोणाच्या हाती आहे, आणि त्याला मतदार जाब विचारू शकतो का? लोकशाही टिकण्या-न टिकण्याचा संबंध इथे येतो. खानदेशातल्या वरणगावसारख्या गावी उभे राहून पाहिले तर हा प्रश्न चांगला दिसतो, कारण तिथल्या रुग्णाची गाठ एका सरकारशी पडत नाही, पाच-सहा सरकारांशी पडते.

वरणगाव हे जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातले गाव, मुंबई-नागपूर महामार्गावर भुसावळ आणि मुक्ताईनगर यांच्या मध्ये. १९६४ पासून इथे बंदुकीच्या गोळ्या बनवणारी आयुध निर्माणी आहे. निर्माणीच्या वसाहतीला स्वतःचे रुग्णालय आहे आणि ते तिथल्या कामगारांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. भुसावळला रेल्वेचे मोठे रुग्णालय आहे, ते रेल्वेवाल्यांचे. म्हणजे या टापूत सरकारी खर्चाने चाललेली नियमित वैद्यकीय सेवा गेली कित्येक दशके आहे, पण ती नोकरीच्या ओळखपत्रावर मिळते. फाटकाबाहेरचा शेतमजूर आणि फाटकाआतला फिटर एकाच मतदारसंघात मतदान करतात, दवाखाने मात्र वेगवेगळ्या मंत्रालयांचे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशभरातल्या निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या आणि वरणगावची निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेली. दवाखान्याचा धनी दिल्लीत एका आदेशाने बदलू शकतो, हे कामगारांना तेव्हा कळले.

फाटकाबाहेरच्यांसाठी गावात ग्रामीण रुग्णालय आहे. ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाची देखरेख. आसपासच्या खेड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेची. तिथे हुकूम जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा. गावातली गटारे, पाणी आणि कचरा नगरपरिषदेकडे, कारण गेल्या दशकात वरणगावची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. आणि केस हाताबाहेर गेली की रुग्णाला ‘सिव्हिलला’, म्हणजे जळगावच्या जिल्हा रुग्णालयात, नेतात. लोकांच्या तोंडी अजून सिव्हिलच आहे, पण २०१८ मध्ये जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सिव्हिल त्याला जोडले गेले. त्यामुळे तिथली सत्ता अधिष्ठात्यांकडे, आणि त्यांच्या डोक्यावर वैद्यकीय शिक्षण विभाग. हे खाते वेगळे, त्याचा मंत्रीही बहुतेक वेळा वेगळा.

डेंग्यूचे एक उदाहरण घेतले तर ही वाटणी ध्यानात येते. डास साचलेल्या पाण्यात किंवा उघड्या टाकीत होतो, जबाबदारी नगरपरिषदेची. तापाचे सर्वेक्षण आणि रक्ताचे नमुने यांचे काम हिवताप कार्यालयाचे. ते राज्याच्या आरोग्य विभागात मोडते. सलाईन लागते ग्रामीण रुग्णालयात. प्लेटलेट उतरल्या की रुग्ण जळगावला रेफर होतो. तिथे वैद्यकीय शिक्षण विभाग. घरच्यांनी खासगी रुग्णालय गाठले तर परवाना आणि दरपत्रक यांचे कायदे आणखी निराळे. एका तापामागे इतके कारभारी असतील तर मतदानाच्या दिवशी राग कोणावर काढायचा? नगरसेवक साचलेल्या पाण्याबद्दल पालिकेचा निधी दाखवेल, जिल्हा परिषद सदस्य सांगेल की ग्रामीण रुग्णालय आपल्याकडे नाही, आमदार म्हणेल की पदे मंजूर आहेत पण डॉक्टर यायला तयार नाहीत. यातले कोणीही खोटे बोलत नसते, आणि अडचण तीच आहे.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणी-उपचारापर्यंत सर्व मोफत केले. निर्णय चांगला होता. मात्र तो एका विभागाचा होता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात आली नाहीत. म्हणून ग्रामीण रुग्णालयात मोफत असलेली तपासणी त्याच रुग्णाला, त्याच जिल्ह्यात, रेफर झाल्यावर पैसे मोजून करावी लागू शकते. खात्यांची हद्द रुग्णाच्या खिशाला अशी जाणवते.

वाटणी कशी झाली

मुंबई इलाख्यात दवाखाने लोकनियुक्त संस्थांच्या हाती देण्याची सुरुवात १९व्या शतकातच झाली. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा मुंबई लोकल बोर्ड कायदा आला. लोकल बोर्डे आणि नगरपालिका दवाखाने, विहिरी आणि लस टोचणी यांवर खर्च करू लागल्या. पुढे १९१९ च्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांत आरोग्य हे ‘सोपीव’ खाते ठरले. पोलीस, महसूल, तुरुंग गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले. आरोग्य, शिक्षण, स्थानिक स्वराज्य भारतीय मंत्र्यांना मिळाले. तिजोरीच्या किल्ल्या मात्र राखीव खात्यात. खर्चाचे खाते लोकप्रतिनिधीकडे आणि पैशाचे खाते दुसऱ्याकडे, ही रीत तेव्हापासूनची आहे, आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती फारशी बदलली नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने राज्य सूचीत सहाव्या क्रमांकावर आहेत. अनुच्छेद ४७ लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या आधारे थेट कोर्टात दाद मागता येत नाही. ती वाट सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्कातून काढली. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने तिसरा थर जोडला: अकराव्या अनुसूचीत २३व्या क्रमांकावर रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने पंचायतींकडे देण्याजोगे विषय म्हणून आहेत, बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य नगरपालिकांकडे.

महाराष्ट्राला या दुरुस्तीची वाट पाहावी लागली नव्हती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. ग्रामीण आरोग्य तेव्हाच त्यांच्याकडे गेले. कायद्याने आरोग्य समिती नेमली. सर्वसाधारण सभेत एखाद्या गटाचा सदस्य उठून विचारू शकत होता की आमच्या केंद्रातली गाडी किती महिन्यांपासून बंद आहे, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला सभागृहात उत्तर द्यावे लागत होते. या सभा गोंधळाच्या असत, बदल्यांच्या राजकारणाने बरबटलेल्याही असत. तरी प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एका छताखाली बसत होते, आणि ते छत मोटारीने तासा-दोन तासांच्या अंतरावर होते. मुंबईचे विधानभवन तितके जवळ नाही.

सरकारी वैद्यक आणि हुकूमशाहीची भीती

पाश्चात्त्य देशांत हा वाद दुसऱ्या बाजूने लढला गेला. सरकारने डॉक्टर ताब्यात घेतले तर माणसाचा देहच सरकारच्या ताब्यात जाईल, आणि मग स्वातंत्र्य उरणार नाही, अशी तिथली भीती. १९६१ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेसाठी तेव्हाचे नट रोनाल्ड रेगन यांनी एक ध्वनिमुद्रिका काढली. वृद्धांसाठीचा सरकारी विमा हा समाजवादाचा चोरदरवाजा आहे, असा तिचा आशय होता. तो विमा १९६५ मध्ये आलाच, आणि पुढे रेगन अध्यक्ष झाले तेव्हाही तो चालू राहिला. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी अन्युरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. त्यानंतर तिथे सरकारे कितीदा तरी बदलली, सेवा राहिली, आणि दर निवडणुकीत तिच्यावर भांडण होत राहिले.

यातले सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांताचे आहे. १९६० ची निवडणूक टॉमी डग्लस यांच्या पक्षाने सरकारी वैद्यकीय विम्याच्या मुद्द्यावर जिंकली. १ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले आणि २३ दिवस राहिले. योजना टिकली. पण दोन वर्षांनी झालेल्या निवडणुकीत तो पक्ष हरला. नव्या सरकारने योजना मोडली नाही, आणि काही वर्षांत ती देशभर पसरली. सरकारला घालवायचे आणि त्याने केलेली व्यवस्था ठेवायची, असा निवाडा मतदार देऊ शकतो, हे त्यातून दिसते. सरकारी आरोग्यसेवा लोकशाही खाऊन टाकते या भाकिताला सस्कॅचवनने तरी आधार दिला नाही. उलट बाजूला क्युबा आहे: आरोग्याचे आकडे चांगले, निवडणूक नावापुरती. तेव्हा चांगली सरकारी सेवा लोकशाही आणते असेही म्हणता येत नाही. दोन्ही टोकांची विधाने बाजूला ठेवून महाराष्ट्राचा अनुभव पाहणे अधिक उपयोगाचे आहे, कारण आरोग्याच्या नावाखाली सत्ता कशी चालते हे इथे दोनदा, अगदी उघड्यावर, दिसले आहे.

पहिली वेळ प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय योजता येतील, आदेश मोडणारा शिक्षेस पात्र, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, इतका त्याचा गाभा. मुदत नाही, सभागृहाची संमती नाही, नुकसानभरपाईची हमी नाही. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या हाताखालच्या सोल्जरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. वैद्यकदृष्ट्या यातले काही उपाय त्या काळाच्या समजुतीप्रमाणे योग्यही होते. पण ज्यांच्या घरात शिरायचे त्यांच्यापैकी कोणालाही विचारलेले नव्हते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ‘केसरी’तल्या लेखनासाठी टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात लोक विश्वासाने जात होते आणि सरकारी छावणीचे नाव काढताच रुग्ण लपवत होते. रोग तोच होता. पुढच्या काही वर्षांत सरकारलाही सक्ती सैल करावी लागली, ती लोकांवरच्या प्रेमापोटी नव्हे. लपवलेल्या रुग्णांमुळे साथ आवरत नव्हती म्हणून.

दुसरी वेळ आणीबाणीची, आणि ती अधिक अवघड आहे, कारण तेव्हा राज्य परक्यांचे नव्हते. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. पाळणार नाही त्याला तुरुंगवास. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्यावाचूनही काम चालू होते. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना ‘केसेस’चे उद्दिष्ट दिले जाई आणि ते न गाठणाऱ्याचा पगार अडे. देशात १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. विधिमंडळ होते, मंत्रिमंडळ होते, दवाखाने तेच होते. बंद होते ते वर्तमानपत्राचे तोंड, कोर्टाचा दरवाजा आणि निवडणूक. मार्च १९७७ मध्ये निवडणूक उघडली आणि लोकांनी हिशेब चुकता केला. त्यानंतर केंद्राने ‘कुटुंबनियोजन’ खात्याची पाटी ‘कुटुंबकल्याण’ अशी रंगवली. नर्सबाई दारात आली की पुरुषांनी मागच्या दाराने निघून जाण्याचे दिवस मात्र लगेच संपले नाहीत. पुरुष नसबंदी त्या धक्क्यातून आजवर सावरलेली नाही, आणि तिचे ओझे बायकांवर गेले.

या दोन्ही वेळी नियंत्रण कमी-जास्त किती होते यापेक्षा ते अडवणारे कोणी होते का, हे महत्त्वाचे ठरले.

विकत घेतलेली सेवा

२०१२ पासून नियंत्रणाची तऱ्हाच बदलली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते. जळगावला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, राज्यभर विस्तार झाला तेव्हा पोहोचली. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार, यादीतल्या खासगी किंवा सरकारी रुग्णालयात, रोख न भरता. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली आणि २०२३ च्या निर्णयाने मर्यादा ५ लाखांवर नेऊन कार्डाच्या रंगाची अट काढली.

योजनेने लोकांचे प्राण वाचवले यात शंका नाही. हृदयशस्त्रक्रिया किंवा डायलिसिससाठी शेत विकावे लागण्याचे प्रसंग तिने कमी केले. पण सरकार इथे दवाखाना चालवत नाही, गिऱ्हाईक म्हणून उभे राहते. दर कोणते, यादीत कोणते रुग्णालय, कोणता उपचार बसतो, हे राज्य आरोग्य हमी सोसायटी ठरवते. मंजुरी ऑनलाइन येते, नाकारलीही ऑनलाइन जाते. रुग्णालयातला आरोग्यमित्र फक्त कागद पुढे सरकवतो. ‘बेड नाही’, ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ असे सांगून काउंटरवर पैसे मागितले गेले तर तक्रार करण्याची सोय आहे. पण ज्याच्या पुढ्यात सभागृहात उभे राहून प्रश्न विचारता येईल असा निवडून आलेला माणूस या साखळीत मंत्रालयापर्यंत कुठेच नाही.

ती जागा रिकामी राहत नाही. तिथे चिठ्ठी येते. आमदाराचा स्वीय सहायक, पक्षाचा ‘आरोग्यदूत’, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून देणारा कार्यकर्ता, महाआरोग्य शिबिर भरवणारा नेता. जळगाव जिल्ह्याला ही माणसे चांगली माहीत आहेत, आणि त्यांतले कित्येक खरोखर धावून जातात. मध्यरात्री फोन उचलतात. त्यांना नावे ठेवणे सोपे आणि अन्यायाचे आहे. प्रश्न हा की ज्या उपचारावर कायद्याने हक्क आहे तो कोणाच्या तरी ओळखीने मिळाला की त्याची परतफेड मताने होते. हक्काचे रूपांतर उपकारात झाले, की नागरिक व्यवस्थेची दुरुस्ती मागत नाही, आपल्या माणसाची सत्ता मागतो. निवडणुका होत राहतात. निवडणुकीतून व्यवस्था सुधारण्याची वाट मात्र अरुंद होत जाते.

याच्या उलट दिशेचा एक प्रयोग खानदेशातच झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. त्याखाली २००७ पासून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर समन्वय केला. नंदुरबार त्या पाचांपैकी एक. सातपुड्यातल्या पाड्यांवर लोकांनी आपल्या उपकेंद्राला आणि आरोग्य केंद्राला रंगांत गुण दिले: हिरवा, पिवळा, लाल. नर्स येते का, गाडी मिळते का, बाहेरून औषध आणायला लावतात का, बाळंतपणाला पैसे मागतात का. मग जनसुनवाई. मांडवाखाली डॉक्टर आणि अधिकारी समोर, गावकरी माइकवर. पहिल्या काही सुनवाया कडवट झाल्या. डॉक्टरांना तो अपमान वाटला आणि त्यात तथ्यही होते, कारण औषधसाठा येत नसेल तर त्यात केंद्रावरच्या डॉक्टरचा दोष नसतो. हळूहळू ही बाब लोकांनाही कळली, आणि काही ठिकाणी डॉक्टर व गावकरी मिळून वरच्या कचेरीला प्रश्न विचारू लागले. केरळमध्ये १९९६ च्या जनयोजना मोहिमेत प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींकडे गेली, तिथे हेच कायमस्वरूपी झाले. महाराष्ट्रात मात्र ते एका अभियानाच्या निधीवर चालले. निधीबरोबर वाढले आणि निधीबरोबर आटले.

२०२० आणि नंतर

१४ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने १८९७ चाच साथरोग कायदा वापरून कोविडची नियमावली काढली. २१ मेच्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या: साध्या वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. स्वतंत्र भारतात खासगी वैद्यकीवर इतके नियंत्रण कोणत्याही राज्याने क्वचितच आणले असेल. ते गरजेचे होते. दर पाळले गेले का हे तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले, आणि जादा बिलांच्या तक्रारी तरीही आल्या.

जिल्ह्यात सगळी सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे होती. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, आणि लोकनियुक्त प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, सहअध्यक्ष. हे दुसरे पद कायद्यात आहे याची आठवण त्या काळात क्वचितच कोणाला झाली.

जूनमध्ये जळगावचे नाव देशभर गेले, ते नको त्या कारणाने. जिल्ह्यातला मृत्युदर त्या वेळी राज्यात फार वर होता. १० जून २०२० रोजी जळगावच्या कोविड रुग्णालयातून आठवडाभर बेपत्ता असलेल्या ८२ वर्षांच्या महिलेचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. घरचे शोधत होते, पोलिसांत तक्रार होती, आणि ती वॉर्डापासून काही पावलांवर होती. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले गेले. त्याच महिन्यात जिल्हाधिकारीही बदलले. निलंबन ही उत्तरदायित्वाची सर्वांत जलद आणि सर्वांत स्वस्त पद्धत आहे. आठवडाभर एका स्वच्छतागृहाचे दार कोणी उघडत नाही तेव्हा सफाई कामगार किती, परिचारिका किती, पाळीवर गणती कोण करते, हे प्रश्न असतात. दोन वर्षांपूर्वी सिव्हिल एका खात्यातून दुसऱ्या खात्याकडे गेले तेव्हा त्यासोबत किती माणसे गेली, हाही त्यातलाच. अशा प्रश्नांसाठी चौकशीचा अहवाल लोकांसमोर आणि सभागृहात यावा लागतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हा याच पद्धतीचे टोक दिसले. एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवले आणि त्याचे चित्रीकरण झाले. त्याआधी काही वर्षे राज्यातली औषधखरेदी एकवटून हाफकिन महामंडळाकडे दिली होती, तिच्यातल्या दिरंगाईबद्दल ओरड होती, आणि २०२३ मध्येच त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. खरेदी एकवटली की दर कमी होतो हे खरे. पण औषध संपले की त्याचे उत्तर केंद्रावरच्या डॉक्टरकडे नसते, जिल्ह्यात कोणाकडेच नसते. झाडू मात्र हाताशी असतो.

आणि याच काळात लोकनियुक्त थरच नाहीसा झाला. जळगाव जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ मध्ये झाली होती. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. अनुच्छेद २४३-ई सांगतो की मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पुरी झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात ती अडकली. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी पुऱ्या करायला सांगितल्या, त्यात आयोग, माहिती, प्रभागरचनेचे वाद यांची भर पडत गेली. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करण्याचा आदेश दिला. बहुतेक नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. जळगाव जिल्हा परिषदेने तोवर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहाविना काढला होता. धुळ्याची मुदत जरा उशिरा, जानेवारी २०२५ मध्ये संपली, कारण तिथली निवडणूक २०२० मध्ये झाली होती.

या काळात दवाखाने बंद पडले का? नाही. काही अधिकाऱ्यांनी झपाट्याने काम केले, सदस्यांच्या हट्टापायी होणाऱ्या बदल्या थांबल्या, याचे समाधान खुद्द कर्मचाऱ्यांनीही बोलून दाखवले. प्रशासकाचा कारभार स्वच्छ असू शकतो, कार्यक्षमही. पण आरोग्य समितीची बैठक नाही. प्रश्नोत्तर नाही. सभेचे इतिवृत्त नाही, आणि त्यामुळे स्थानिक पत्रकाराला बातमी मिळण्याची जागाही नाही. प्रशासकाच्या राज्यात मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतःच प्रस्ताव मांडतात आणि स्वतःच तो मंजूर करतात. एखाद्या गटातल्या केंद्रावर डॉक्टर महिनोन्महिने नसेल तर गावाने निवेदन द्यायचे. ते आवक-जावकला नोंदले जाते.

शेवटी पैसा. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्याकरिता देशभर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. उपकेंद्रांच्या इमारती, गटस्तरावरच्या सार्वजनिक आरोग्य शाखा, शहरांतली आरोग्यवर्धिनी केंद्रे अशी तिची विभागणी होती. याच आयोगाच्या पंचायतींसाठीच्या मूळ अनुदानाला एक अट होती, संस्था रीतसर निवडून आलेली हवी. निवडून आलेल्या ग्रामपंचायतींना त्यांचा वाटा मिळत राहिला. प्रशासक असलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या यांचा वाटा केंद्राने रोखला.